मीटरमधला कान

भिलाईच्या रेल मिलमध्ये लालबुंद रूळ कापणारी गोल करवत सुरू झाली की शेजारच्या माणसाशी बोलायलाही हातवारे करावे लागतात. मिल चालवणारा मात्र काचेच्या केबिनमध्ये बसून फोनवर बोलत असतो. या केबिनला पोलाद कारखान्यांत ‘पल्पिट’ म्हणतात. शब्द मूळचा चर्चमधला. पाद्र्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून बांधलेला तो उंच ओटा. कारखान्यात त्याचं काम उलटं झालं: बाहेरचा आवाज आत येऊ द्यायचा नाही. ते कितपत साधलंय हे पाहायला आत एकदा, बाहेर एकदा हातात मावणारं मीटर धरतात आणि वजाबाकी करतात. आकड्यापुढे ‘डीबी(ए)’ उमटतं. त्यातला ‘ए’ म्हणजे माणसाच्या कानाचं आडनाव.

कारण आवाज मोजायचं पहिलं यंत्र कानच होता. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग कला संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह वाया गेल्यात जमा होतं. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. दुरुस्तीचं काम वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्राच्या अध्यापकाच्या गळ्यात पडलं. त्याच्याजवळ ऑर्गनची एक नळी, घड्याळ आणि स्वतःचे दोन कान. रात्री सामसूम झाली की सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायच्या, नळी वाजवून बंद करायची आणि आवाज विरेपर्यंतचे सेकंद मोजायचे. उजाडायच्या आत गाद्या परत. पुढे त्याच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पितात. हजारो नोंदी त्याने टाकून दिल्या आणि मोजमापाला ठरावीकच कपडे घालू लागला. उपकरण प्रमाणित करणं म्हणतात ते हेच. फक्त या उपकरणाला कोट आणि विजार होती.

त्या नळीचा आवाज जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या सुमारे दहा लाख पट होता. आजही सभागृहाचा घुमण्याचा काळ मोजतात तो आवाज दहा लाखांश उरेपर्यंत, म्हणजे ६० डेसिबलने उतरेपर्यंत. नळी गेली, तिचा आकडा राहिला.

डेसिबलचं माहेर मात्र सभागृह नव्हे, टेलिफोनची तार. मैलभर केबलमधून जाताना आवाज किती खालावतो, या हिशोबातून अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या अभियंत्यांनी हे एकक काढलं आणि १९२०च्या दशकात ग्रॅहम बेलच्या नावावरून त्याचं बारसं केलं. त्याच घराण्यात ई. सी. वेंट याने १९१६ साली कंडेन्सर मायक्रोफोन बनवला. आता कानाची गरज संपली, असं वाटावं. पण मायक्रोफोन खर्ज आणि टिपेचा आवाज सारख्याच इमानाने टिपतो; कान तसं करत नाही, हळू आवाजातला खर्ज त्याला फार कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसांना ऐकवून ही खोड वक्ररेषांत मांडली ती १९३३ साली. १९३६च्या अमेरिकन मानकात तिचं सर्किट झालं: हळू आवाजासाठी ‘ए’, त्याहून मोठ्यासाठी ‘बी’. मीटरमध्ये डोळ्याचाही वाटा आहे. थरथरणारा काटा वाचता यावा म्हणून ठेवलेला ‘स्लो’ हा पर्याय काटे गेले तरी मीटरवर आहेच.

पुढे ‘बी’ विस्मरणात गेला आणि शांत खोलीसाठी घडवलेला ‘ए’ सगळीकडे लागू झाला. भारतात मर्यादा याच मापात आहेत: कारखान्यात आठ तासांना ९० डीबी(ए), वस्तीत २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा ५५, रात्री ४५. कानाला होणाऱ्या इजेचा अंदाज ‘ए’ बरा देतो, हे मान्य. पण ६३ हर्ट्झच्या खर्जातून तो २६ डेसिबल वजा करतो, आणि मोठ्या आवाजात आपला कान इतकी सूट मुळीच देत नाही.

नागपूरकडून नोकरीसाठी भिलाईत गेलेल्या मराठी घरांना धुमाळ बँड परका नाही. वरातीत मोठाले स्पीकर लावून तो सेक्टरच्या रस्त्याने जातो तेव्हा खिडकीची तावदानं थरथरतात, छातीत धडधडतं. मीटरचं बटण ‘ए’वरून ‘सी’ या दुसऱ्या मापावर नेलं तर आकडा टुणकन वर जातो, कारण ‘सी’ खर्जाला जवळजवळ हात लावत नाही. तक्रारीत तो आकडा चालत नाही. नियमात ‘ए’ लिहिलंय.