संकरित मोटारगाडीतील साहाय्यक विद्युत् घटमाला
फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेली शिसे-अम्ल विद्युत् घटमाला (बॅटरी) पुढे मोटारगाडीत रूढ झाली. पुण्याजवळील चिंचवड येथे अशा घटमालांचा कारखाना १९६९ मध्ये निघाला. १९१२ मध्ये विद्युत् आरंभक आल्यावर त्याचे मंद फिरणे ही दुर्बल घटमालेची खूण ठरली. १९९७ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियस या संकरित गाडीत ही खूण उरली नाही. कारण तिचे एंजिन उच्च दाबाच्या मुख्य घटमालेवर सुरू होते. १२ व्होल्टची साहाय्यक घटमाला दिवे, नियंत्रक यंत्रणा व मुख्य घटमाला जोडणारे रिले यांना वीज पुरविते. ती क्षीण झाल्यास गाडी सुरू होत नाही व असंबद्ध सूचक दिवे लागतात. म्हणून महागड्या मुख्य घटमालेस दोष देण्यापूर्वी हिचा दाब मोजतात. पूर्ण भारित अवस्थेत तो सु. १२·६ व्होल्ट असतो. दिवे लावताच तो फार घसरल्यास ती बदलतात.