खुलताबाद : एका स्थळनामाचा मागोवा

इ.स. २०२५ मध्ये खुलताबादचे नाव 'रत्नपूर' करण्याची मागणी पुढे आली आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावाचे मूळ नाव कोणते, हा प्रश्न चर्चेत आला. लोकपरंपरा आणखी एक नाव सांगते : भद्रसेन राजाची भद्रावती. येथील भद्रा मारुतीची कथा याच राजाशी जोडलेली आहे.

प्रचलित नावाची व्युत्पत्ती मात्र निश्चित आहे. 'खुल्द' या अरबी शब्दाचा अर्थ चिरंतनता, त्यावरून स्वर्ग. मुघल दरबारात दिवंगत बादशहाचा उल्लेख मरणोत्तर उपाधीने करीत. बाबर 'फिर्दौस-मकानी', हुमायून 'जन्नत-आशियानी', तसा औरंगजेब 'खुल्द-मकान', म्हणजे स्वर्गनिवासी. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच्या इच्छेनुसार सूफी संत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याचे दफन झाले आणि त्याच्या उपाधीवरून गाव 'खुल्दाबाद' म्हटले जाऊ लागले. ज्याच्यामुळे हे नाव पडले, त्याने गाव वसविले नव्हते.

त्यापूर्वी गावास 'रौजा' म्हणत. रौजा म्हणजे बाग आणि समाधिस्थानही. इ.स. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीस (दौलताबादेस) हलविली. त्या काळात दिल्लीकडील चिश्ती संत दक्षिणेत आले. बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) व त्यांचे शिष्य जैनुद्दीन (मृत्यू १३६९) यांच्या समाध्यांभोवती वस्ती वाढली. मलिक अंबरची कबरही येथेच आहे.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी याच गुरुशिष्यांच्या नावे तापीच्या एका तीरावर बुऱ्हाणपूर व पैलतीरावर जैनाबाद वसविले. संतांची नावे दूरच्या गावांना लाभली. त्यांच्या स्वतःच्या गावावर मात्र बादशहाची उपाधी बसली. तरीही जुने नाव लगेच पुसले गेले नाही. ब्रिटिशकालीन इम्पीरियल गॅझेटियरात 'खुल्दाबाद' सोबत 'रौजा' हा पर्याय नोंदविलेला आढळतो.

मराठीने या शब्दावर आपलाही संस्कार केला. 'खुल्दा'चे 'खुलता' झाले आणि आज शासकीय मराठीतही हेच रूप रूढ आहे. 'खुलणे' या ओळखीच्या क्रियापदाच्या जवळ गेलेल्या या उच्चारात मूळ अरबी शब्द सहसा कोणास जाणवत नाही.