तिने फक्त ‘ते’ म्हटलं होतं

वसईकडच्या चर्चच्या आवारात बऱ्याचदा दगड-सिमेंटची एक छोटी गुहा दिसते. वरच्या कोनाड्यात पांढऱ्या झग्यातली, निळा कमरपट्टा बांधलेली मारियामाता आणि खाली गुडघे टेकून बसलेली एक मुलगी. लहानपणापासून मी या गुहा पाहत आलेय. वरची मूर्ती कुणाची, हे कुणी सांगायची गरज नव्हती. खालची मुलगी कोण, हे मात्र फार उशिरा कळलं, तेही एका जुन्या हॉलिवूडपटामुळे.

‘द साँग ऑफ बर्नाडेट’ हा हेन्री किंग यांचा १९४३चा कृष्णधवल चित्रपट. लांबी १५६ मिनिटं. मी तो मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत पाहिला. त्यातल्या जेनिफर जोन्सला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, तेही नेमकं तिच्या पंचविसाव्या वाढदिवशी. चित्रपट आवडलाच. पण नंतर खऱ्या बर्नाडेटबद्दल वाचायला लागले आणि एका शब्दापाशी अडकले.

बर्नाडेट सुबिरू ही दक्षिण फ्रान्समधल्या लूर्द गावच्या गिरणीवाल्याची मुलगी. गिरणी हातची गेली आणि सगळं कुटुंब एका खोलीत येऊन राहिलं. ही खोली म्हणजे कैद्यांनाही राहायला अयोग्य म्हणून सोडून दिलेला जुना तुरुंग होता. बर्नाडेटला दमा होता, लिहिता-वाचता येत नव्हतं. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी ती बहीण आणि मैत्रिणीबरोबर सरपण गोळा करायला नदीकाठच्या मासाबिएल गुहेपाशी गेली. तिथे तिला काहीतरी दिसलं. १६ जुलैपर्यंत ते एकूण १८ वेळा दिसलं. बरोबरच्या कुणालाही ते दिसत नव्हतं. पुढे तिथे हजारोंनी माणसं जमायला लागली, पण त्यांना दिसायचा तो फक्त या चौदा वर्षांच्या मुलीचा चेहरा.

तिने जे पाहिलं, त्याला ती ‘अकेरो’ म्हणायची. हा तिच्या गॅस्कन बोलीतला शब्द. अर्थ, ‘ते’. इंग्रजीत हे आणायला गेलं की एखाद्या वस्तूबद्दल बोलल्यासारखं वाटतं. आपल्याला तो त्रास नाही, कारण मराठीत नपुंसकलिंग आहे. ओळख पटायच्या आधी आपणही ‘ते काय आहे?’ असंच विचारतो. बर्नाडेटला आकृती एका लहानशा, जवळपास आपल्याच उंचीच्या मुलीची दिसली होती. तरी ती ‘मारियामाता दिसली’ म्हणाली नाही. नाव गावाने दिलं.

पोलीस अधिकारी जाकोमे याने तिची चौकशी केली. तिचा जबाब तो तिलाच वाचून दाखवताना मुद्दाम तपशील बदलायचा, आणि ती दर वेळी दुरुस्त करायची, मी असं म्हटलंच नव्हतं. यात किती जोखीम होती हे लक्षात घ्यायला हवं. आदल्याच वर्षी पीठ चोरल्याच्या संशयावरून तिच्या वडिलांना अटक झाली होती. पोलीस म्हणजे काय, हे त्या घराला पक्कं ठाऊक होतं.

२५ मार्चला ‘ते’ने स्वतःची ओळख सांगितली, ‘निष्कलंक गर्भसंभव’. पोप नववे पायस यांनी १८५४ साली जाहीर केलेला हा सिद्धान्त. बर्नाडेटला या शब्दांचा अर्थ कळला नाही. विसरू नये म्हणून वाटभर ते घोकत ती धर्मगुरू पेरामाल यांच्याकडे गेली. म्हणजे इथेही तिने ऐकलं तेवढंच पोचवलं, स्वतःचं काही जोडलं नाही.

चित्रपटात मात्र पहिल्याच दर्शनात ‘ते’ आपल्याला सरळ दिसतं. लिंडा डार्नेल ही अभिनेत्री झळाळत्या प्रकाशात उभी असते (श्रेयनामावलीत तिचं नाव नाही). त्यामुळे लूर्दच्या लोकांना पडलेला प्रश्न आपल्याला पडतच नाही. पुरावा समोर आहे, मग या मुलीवर विश्वास ठेवायला काय लागतं?

आधी मी हे हॉलिवूडच्या माथी मारणार होते. मग कथेचं मूळ कळलं. चित्रपट ज्या कादंबरीवर आहे, तिचा लेखक फ्रान्झ वेर्फेल हा प्रागमध्ये जन्मलेला, जर्मनमध्ये लिहिणारा ज्यू. नाझींनी त्याची पुस्तकं जाळली होती. १९४० साली फ्रान्स पडला, तेव्हा तो आणि त्याची बायको आल्मा जीव वाचवत पळत होते. त्यात काही आठवडे त्यांना आसरा मिळाला लूर्दमध्ये. अमेरिकेला सुखरूप पोचलो तर बर्नाडेटची गोष्ट लिहीन, असा त्याने नवस केला. आपल्याकडच्या कुणालाही कळेल असा, साधा नवस. दोघं पिरनीज पर्वत पायी ओलांडून निसटले, आणि १९४१ साली कादंबरी आली. नवस फेडणाऱ्याने शंकेला जागा ठेवली नाही, तर त्याला दोष कसा द्यायचा?

पण एक गोष्ट राहतेच. १८६४ साली फाबिश या शिल्पकाराने बर्नाडेटला विचारून-विचारून संगमरवरी मूर्ती घडवली आणि ती मासाबिएलच्या कोनाड्यात बसवली गेली. ती पाहून बर्नाडेट म्हणाली, आपण पाहिलं ते असं नव्हतं. मूर्ती तरीही तिथेच राहिली. दोन वर्षांनी बर्नाडेट नेव्हेरच्या मठात गेली, १८७९ साली पस्तिसाव्या वर्षी वारली, १९३३ साली संत झाली. आज जगभरच्या गुहांमधल्या मूर्ती त्याच मूर्तीच्या वळणाच्या आहेत.

वसईतलीही. आता तिथून जाताना माझं लक्ष आधी खाली जातं. वरच्या मूर्तीकडे ती मुलगी इतक्या भक्तिभावाने पाहतेय. आणि ‘असं नव्हतं’ म्हणालेलीही तीच.