‘इंडस्ट्रियल’ची कुळकथा

१९७९ च्या जून महिन्यात लंडनच्या बॅटरसी भागातील एका बिऱ्हाडात फ्रिज सुरू झाला की त्याची ‘खट्’ ध्वनिमुद्रणयंत्राच्या फितीवर उमटत असे, आणि तेथे गाणी मुद्रित करीत बसलेल्या दोघा तरुणांनी ती पुसून टाकण्याची काही तजवीज केली नाही. थॉमस लीअर आणि रॉबर्ट रेंटल हे ते दोघे. स्कॉटलंडातील क्लाइड नदीकाठच्या पोर्ट ग्लासगो या जहाजबांधणीच्या गावचे. ज्या तबकडीसाठी ही खटपट चालली होती ती ‘द ब्रिज’ हीच त्यांची जोडीने काढलेली एकमेव दीर्घ तबकडी होय.

पाश्चात्त्य संगीतातील ज्या कर्कश, यंत्रमय संप्रदायात तिची गणना होते, त्याचे ‘इंडस्ट्रियल’ हे नाव मूळचे एका तबकडी-संस्थेचे आहे. थ्रॉबिंग ग्रिसल या चौघांच्या वाद्यवृंदाने १९७६ मध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही संस्था काढली, मॉन्टी कझाझा या त्यांच्या अमेरिकन स्नेह्याने ‘औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत’ असे घोषवाक्य सुचविले, आणि संस्थेचे विशेषण पाहता पाहता प्रकाराचे नाम होऊन बसले. लंडनच्याच हॅकनी भागातील आपल्या तळघरास हे चौघे ‘मृत्यूचा कारखाना’ म्हणत, आणि बोधचिन्हासाठी त्यांनी आउश्वित्झच्या छळछावणीतील दाहगृहाचे छायाचित्र घेतले होते. तेव्हा ‘इंडस्ट्रियल’ या शब्दात यंत्राचे कौतुक नसून, माणसांचाच कच्चा माल करणाऱ्या शतकाविरुद्धची फिर्याद आहे, असे मी समजतो. संस्थेच्या नावातील दुसरा शब्द ‘रेकॉर्ड’ म्हणजे तबकडी आणि दप्तरही. त्यांच्या १९७७ च्या तबकडीचे नावच ‘दुसरा वार्षिक अहवाल’ असे होते, आणि आरंभी तिच्या अवघ्या ७८५ प्रती निघाल्या. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत नगारखाना आणि दफ्तरखाना दोन्ही आहेत, याची मराठी वाचकास येथे आठवण व्हावी.

याच इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सने लीअर-रेंटल यांना आठ ट्रॅकचे मुद्रणयंत्र उसने दिले, आणि दोन आठवड्यांत, रेंटलच्या राहत्या घरात, त्यांनी एका बाजूस गाणी व दुसऱ्या बाजूस संथ, बहुतांशी शब्दहीन वादन अशी तबकडी सिद्ध केली. घरात मुद्रण करणे दोघांच्या अंगवळणी पडलेले होते. आदल्याच वर्षी लीअरने ‘प्रायव्हेट प्लेन’ हे गाणे आपल्या खोलीत मुद्रित केले, तेव्हा प्रेयसी निजलेली असल्यामुळे ते त्याला जवळजवळ कुजबुजत म्हणावे लागले, आणि पुढे तो दबलेला स्वरच त्या गाण्याची ओळख ठरला.

फ्रिजचे यंत्र चालू वा बंद होते त्या क्षणी घरातील विजेला हिसका बसतो, आणि त्याच तारांवर मुद्रणयंत्र चालत असेल तर तो हिसका सुरांच्या मधोमध येऊन बसतो. स्टुडिओत त्याचा बंदोबस्त आधीच केलेला असतो. बिऱ्हाडात तो कोण करणार? दोघांनी वेष्टनावरच जाहीर केले की, हे खटके फ्रिजचे आणि इतर घरगुती उपकरणांचे असून ते संगीताचेच अंग आहेत. मला या जाहीरनाम्याचे मोल फार वाटते, कारण कारखान्याचे नाव मिरविणारी ही कला प्रत्यक्षात गृहोद्योग होती, याचा याहून प्रामाणिक कबुलीजबाब माझ्या पाहण्यात नाही.

जोडी टिकली नाही. १९८१ मध्ये थ्रॉबिंग ग्रिसलही विसर्जित झाले. १९९२ मध्ये म्यूट या संस्थेने ‘द ब्रिज’ पुन्हा प्रकाशित केली, आणि २००० मध्ये रेंटल निवर्तला. जुन्या फितीवरील घरघर काढून टाकणे हे एरवी ध्वनिसंग्राहकाचे कर्तव्यच. येथे मात्र तसे करणे म्हणजे मूळ दस्तऐवजात खाडाखोड करणे होईल, कारण त्या प्रत्येक खटक्याची जबाबदारी कर्त्यांनी वेष्टनावर स्वतःच घेऊन ठेवली आहे.