पिता कीं राजा ?

इ. स. १४४ मध्यें रोम येथील ख्रिस्ती मंडळीनें आपल्या एका धनाढ्य सभासदास बहिष्कृत केलें, आणि त्यानें पूर्वीं दिलेली २,००,००० सेस्टर्स नाण्यांची देणगी त्यास परत केली. हा गृहस्थ म्हणजे काळ्या समुद्राच्या कांठच्या सिनोपी बंदराचा जहाजमालक मार्सियन. आलेलें द्रव्य परत करण्यापर्यंत पाळी यावी, असा त्याचा अपराध तरी कोणता ? ईश्वर एक नसून दोन आहेत, असें तो सांगत होता.

त्याचा युक्तिवाद सरळ होता, व कोणाहि सहृदय मनुष्यास मोह पाडील असाच होता. यहुद्यांच्या धर्मग्रंथांतील ईश्वर सिंहासनावर बसतो, आज्ञा देतो, अपराध्यांस शासन करतो. उलट येशूनें आपल्या अखेरच्या रात्रीं, गेथशेमाने येथें, ज्याला ‘अब्बा’ अशी हाक मारली, तो क्षमाशील आहे. (‘अब्बा’ म्हणजे अरमाई भाषेंत बाप. मराठी कानास येथें ‘आबा’ आठवल्यावांचून राहणार नाहीं. मात्र तेवढ्यावरून दोहोंचें नातें जोडण्याचें कारण नाहीं.) तेव्हां जगाचा कर्ता असा तो न्यायकठोर राजा वेगळा, आणि ख्रिस्तानें प्रथमच प्रकट केलेला प्रेमळ पिता वेगळा, असा निर्णय मार्सियननें दिला. मग जुना करार त्यानें सर्वस्वी टाकला. लूकचें शुभवर्तमान, तेंहि कांटछाट करून, आणि पौलाचीं १० पत्रें एवढेंच आपल्या अनुयायांसाठीं ठेवलें.

या मताचें खंडन पुष्कळांनीं केलें. कार्थेजच्या टर्टुलियननें तर त्यासाठीं पांच भागांचा ग्रंथ लिहिला. जो कधींच रागावत नाहीं त्याच्या मनाईस अर्थ काय, असा त्याचा बोंचरा प्रश्न आहे. परंतु वर्मावर बोट ठेवलें तें गॉल देशांतील लिआँ शहराचा बिशप आयरिनेयस यानें, सुमारें १८० सालीं. ज्याचा अपराध केला त्यानेंच क्षमा केली पाहिजे, असें तो म्हणतो. ऋण एका सावकाराचें असेल, तर तें माफ करण्याचा अधिकार तिऱ्हाइतास कोठून येणार ? मार्सियनच्या दयाळू देवानें हें जग निर्मिलें नाहीं, कायदाहि केला नाहीं. मग त्याची क्षमा कितीहि गोड असली तरी ती परक्याची. क्षमेला मोल यावयाचें तर क्षमा करणारा राजाच असला पाहिजे.

रोमन श्रोत्यांस हें पटण्यास त्यांच्या घरांतील व्यवस्थाहि उपयोगी पडली. रोमन कायद्यांत कुटुंबप्रमुख पित्यास वाढलेल्या मुलांवरहि जीवनमरणाची सत्ता होती. चौथ्या शतकाच्या आरंभीं लॅक्टँशियस या लेखकानें हाच दाखला घेऊन, एकच पुरुष मुलांचा पिता व दासांचा धनी असतो, मग ईश्वर दोन्ही कां नसावा, असें विचारलें. दाखला चतुर खरा. पण यांत पित्याचा राजा होण्यास वेळ लागत नाहीं, आणि ‘अब्बा’ या हांकेंतला ओलावा आटतो. येशूच्या दृष्टान्तांतील बाप उधळ्या मुलास दुरून पाहतांच धांवत सुटतो. असें धांवणें रोमन गृहपतीस शोभलें नसतें.

इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या समक्ष, बिशपांनीं जो मतांगिकार ठरविला त्याच्या पहिल्याच वाक्यांत ईश्वरास ‘पिता’ व लगेच ‘पँटोक्रेटर’, म्हणजे सर्वसत्ताधीश, म्हटलें आहे. हा दुसरा शब्द यहुदी धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरांत ‘सेनाधीश परमेश्वर’ यासाठीं वारंवार योजला जात असे. मार्सियननें टाकून दिलेल्या राजाची पदवी अशा रीतीनें त्याच्या आवडत्या पित्याच्या शेजारीं येऊन बसली.

तथापि त्याचा पंथ तोंवर नामशेष झाला नव्हता. दमास्कसजवळच्या लेबाबा या खेड्यांत मार्सियनपंथीयांच्या प्रार्थनामंदिराचा ३१८-१९ सालचा ग्रीक शिलालेख सांपडला आहे. त्यांत येशूच्या नांवापुढें ‘ख्रिस्तोस’, म्हणजे अभिषिक्त, हा राजास साजणारा शब्द नाहीं. एका स्वराच्या फरकानें तेथें ‘ख्रेस्तोस’, म्हणजे भला, कनवाळू, असें कोरलेलें आहे.