तळटीप १७ : विषाक्तता-संग्रह
१७. विषाक्तता-संग्रह : कोणत्या रासायनिक द्रव्याची किती मात्रा पूर्वीच्या प्रयोगांत निरुपद्रवी ठरली व कितीपासून अपाय दिसू लागला, याचे पद्धतशीर दप्तर, असा अर्थ येथे लेखकास अभिप्रेत आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीसाठी प्राणी वापरण्यास भारत सरकारने मे २०१४ मध्ये १४८-सी हा नियम करून मनाई केली व त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तशा मालाची आयातही बंद केली. त्यामुळे मुंबईतील असो वा रायपूरनजीकच्या उरला औद्योगिक वसाहतीतील असो, कोणाही कारखानदारास सशाच्या डोळ्यांत द्रव्य घालून त्याची दाहकता अजमावण्याची मुभा राहिली नाही, आणि सदृश रचनेच्या ज्ञात द्रव्यांचा दाखला काढून नव्याची सुरक्षित मात्रा अनुमानाने ठरविणे, हा मार्ग अधिकच महत्त्वाचा झाला. मनरो व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला ६१३ द्रव्यांचा संग्रह या अनुमानपद्धतीचा पाया होय. युरोपातील 'कॉसमॉस' हा संग्रह पुढे खास प्रसाधनद्रव्यांसाठी सिद्ध झाला. मात्र या दप्तरांतील बहुतेक आकडे मुक्या जनावरांच्याच यातनांतून हाती आलेले आहेत, हे वाचकाने कृपया विसरू नये.