नदीचे वकीलपत्र

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करताना घरातील वडीलधारी माणसे घंगाळातल्या पाण्यात साऱ्या नद्यांना बोलावतात. नदीला आई म्हणणे आपल्याला नवे नाही. पण त्या आईवर अन्याय झाला, तर तिने दाद कोठे मागावी? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या २० व्या कलमाप्रमाणे नद्या, नाले आणि वाहते पाणी ही सामान्यतः सरकारची मालमत्ता होय. मालमत्तेला मालक असतो; तिला स्वतःची तक्रार नसते.

देवाची गोष्ट निराळी. देवस्थानच्या जमिनीचा सातबारा पाहा. तेथे देवाचे नाव आढळते आणि पुजारी केवळ वहिवाटदार असतो. १९२५ साली प्रमथनाथ मलिक यांच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, कुलदेवतेची मूर्ती ही नुसती जंगम वस्तू नव्हे. तिची बाजू मांडायला निःस्वार्थी माणूस नेमला पाहिजे. आपल्या देवरायाही ह्याच समजुतीवर टिकल्या: रान देवाचे, म्हणून कुऱ्हाड चालवायची नाही.

हाच विचार पुढे एका अमेरिकन गावाने आपल्या कायद्यात लिहून काढला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील टमाक्वा हे कोळशाच्या खाणींचे गाव. तेथील ओसाड खाणींत सांडपाण्याचा गाळ आणून टाकला जात असे. २००६ साली गावच्या कौन्सिलने त्याला बंदी केली आणि निसर्गालाही कायद्याने व्यक्ती मानले. दोनच वर्षांनी इक्वेडोर देशाने निसर्गाचे हक्क आपल्या राज्यघटनेत घातले.

मात्र नुसत्या ठरावाने भागत नाही. ओहायोतील टोलेडो शहरात २०१४ साली सरोवरातील विषारी शेवाळामुळे सुमारे पाच लाख लोकांचे पिण्याचे पाणी तीन दिवस बंद पडले. २०१९ साली नागरिकांनी मतदान करून ईरी सरोवराला हक्क दिले; पण पुढच्याच वर्षी न्यायालयाने ते मोडीत काढले. शब्द मोघम होते, आणि शहराने आपल्या हद्दीबाहेर हात घातला होता.

आपल्याकडेही तसेच झाले. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनांना व्यक्तीचा दर्जा दिला, आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. राज्य सरकारचा प्रश्न बिनतोड होता: पुराने नुकसान झाले, तर भरपाई कोणाकडे मागायची? पुढे मार्च २०२० मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने चंडीगडच्या सुखना सरोवराला व्यक्ती ठरवून तेथील नागरिकांनाच त्याचे पालक नेमले.

योगायोग पाहा! छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाण्याकडून वाहणाऱ्या नदीचे नावही सुखनाच. तिच्या परिसरातील शेंद्रा हे गाव मांगीरबाबांच्या यात्रेसाठी प्रसिद्ध. आज त्याच्या भोवती मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. यंत्रे आणि शेती, दोघांनाही पाणी हवे. त्यांची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत. पाण्याची बाजू कोण मांडणार?

जैवविविधता कायदा, २००२, ह्याच्या ४१ व्या कलमाने प्रत्येक ग्रामपंचायतीला व नगरपालिकेला जैवविविधता समिती नेमावयास सांगितले आहे. गावातील झाडे, मासे, पाखरे यांची नोंदवही ठेवणे हे तिचे काम. ह्याने नदी काही व्यक्ती होत नाही. पण देवालाही कोर्टात माणसाच्याच तोंडून बोलावे लागते. टोलेडोने हक्क आधी दिला, आणि तो टिकला नाही. आपण आधी नदीपाशी काय होते आणि काय गेले ते लिहून ठेवणारी माणसे उभी करावीत. उद्या तिचा हक्क मान्य झालाच, तर साक्ष तरी हाताशी असेल.